‘बदाम सात’चा गेम ब्राउझरमध्ये कसा बनवायचा?

सुट्टीत बदाम सात खेळला नाही असा मराठी माणूस विरळाच. हाच खेळ फोनच्या ब्राउझरमध्ये, पानं उडताना आणि उलटताना दिसतील असा, आपला आपण बनवता येतो. त्यासाठी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट एवढंच पुरतं, गेम इंजिनची गरज नाही. पहिल्याच प्रोजेक्टला रमी मात्र घेऊ नका, सिक्वेन्स तपासण्यातच जीव जातो. बदाम सातचे नियम सोपे आहेत. ५२ पानं वाटायची, बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची. मग लागलेल्या पानाच्या लगतचं वरचं किंवा खालचं पान लावायचं, नाहीतर दुसऱ्या प्रकारची सत्ती. काहीच लागत नसेल तर पास.

आधी नियम, मग ॲनिमेशन

बरेच जण पहिल्या दिवशी पान गर्रकन फिरवणारं ॲनिमेशन लिहितात आणि तिथेच अडकतात. खरं तर कोडसाठी पान म्हणजे फक्त दोन गोष्टी : प्रकार (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) आणि १ ते १३ मधला आकडा. टेबलावर काय लागलंय हे ८ आकड्यांत मावतं, म्हणजे प्रत्येक प्रकाराचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं पान. बदामची ५ ते ९ लागली असतील, तर आता बदामची ४ आणि १० एवढीच चालतील. ‘हे पान चालेल का?’ हे फंक्शन याच आकड्यांवरून ठरवा, स्क्रीनवर पान कुठे दिसतंय त्यावरून नको. नाहीतर पान हवेत असताना कुणी पुन्हा टॅप केलं की तेच पान दोनदा लागतं. माझ्या पहिल्या गेममध्ये चौकट दुर्री अशीच दोनदा लागली होती. ती चूक शोधण्यात अख्खा रविवार गेला.

पिसताना होणारी फसगत

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. प्रत्येक पानाची कुठल्याही जागेवरच्या पानाशी अदलाबदल केली की झालं, असं वाटतं. ३ पानांवर करून बघा. एकूण ३ × ३ × ३ = २७ वाटा होतात, पण ३ पानांचे क्रम फक्त ६. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तीन क्रम ५-५ वाटांनी येतात आणि तीन ४-४ वाटांनी. म्हणजे पिसणं पक्षपाती झालं!

बरोबर पद्धत फिशर-येट्स. शेवटच्या पानापासून सुरू करा. त्याची अदलाबदल ते पान आणि त्याच्या आधीची पानं यांतल्या कुठल्याही एकाशी करा, मग एक जागा मागे या. मागे ठेवलेल्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये ही पद्धत कागद-पेन्सिलीसाठी दिली होती, १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती कॉम्प्युटरसाठी मांडली. कोड जेमतेम पाच ओळींचा.

पानं हलवायची कशी?

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘लेफ्ट’ आणि ‘टॉप’ बदलून पान सरकवलं तर ब्राउझरला दर वेळी मांडणी नव्याने मोजावी लागते आणि साधा फोन अडखळतो. त्याऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’ वापरा. पान उलटण्यासाठी दोन्ही बाजू एकावर एक ठेवा, मागची १८० अंश फिरवा आणि दोन्हींना ‘बॅकफेस-व्हिजिबिलिटी’ हिडन करा. वाटताना दर पानाला आधीच्यापेक्षा ५० मिलिसेकंद उशीर दिला, की कुणीतरी खरंच वाटतंय असं वाटतं. (सावंतवाडीच्या गंजिफासारखी गोल पानं हवीत? ‘बॉर्डर-रेडियस’ ५० टक्के करा, पण पान आधी चौरस असू द्या.)

गेम तयार झाला की गिटहब पेजेसवर फुकट टाकता येतो. समोर कॉम्प्युटरच खेळत असेल तर एवढं पुरे. मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचं असेल तर सर्वर लागेल आणि सगळ्यांची पानं त्यानेच सांभाळायला हवीत, कारण ब्राउझरमध्ये आलेली माहिती कुणीही डेव्हलपर टूल्स उघडून वाचू शकतो. आणि पैसे लावायची सोय चुकूनही जोडू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ चालवण्यावर देशभर बंदी घातली आहे.