सामना संपल्यावरचे शहाणपण



निकाल लागला की घरोघर एक सभा भरते. मुलगा पास झाला तर "नशीब जोरावर होते" असे कोणी म्हणतो, नापास झाला तर "पेपर अवघड होता" असे दुसरा सांगतो. परीक्षेपूर्वी गप्प बसलेली माणसे निकालानंतर मोठी जाणकार होतात. आपल्याकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात. अमेरिकेत या वृत्तीला खेळाच्या मैदानातून आलेले एक नाव आहे, आणि त्या मैदानाच्या इतिहासात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

तेथील फुटबॉल हा आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती असतो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे पोचण्याची धडपड करतात. पोचल्यास टचडाऊन, म्हणजे सहा गुण. हा खेळ तेथील महाविद्यालयांनीच वाढवला. सामना बहुधा शनिवारी होतो आणि त्याची चर्चा पुढे आठवडाभर चालते.

२९ ऑक्टोबर १९२१ रोजी शनिवारच होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या मैदानावर चाळीस हजारांवर प्रेक्षक जमले होते. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. पैसा, नाव, परंपरा, कशाचीच उणीव नव्हती. १ जानेवारी १९२० रोजी त्यांच्या संघाने ओरेगन विद्यापीठाला ७-६ असे हरवून मानाचा रोझ बोल सामना जिंकला होता. त्यांच्यासमोर उभे होते केंटकी राज्यातील डॅनव्हिल या लहानशा गावचे सेंटर कॉलेज. तेथे सगळे मिळून तीनशेही विद्यार्थी नव्हते.

मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजू शून्यावर राहिल्या. तिसऱ्या सत्राच्या आरंभीच सेंटरचा बो मॅकमिलन चेंडू घेऊन बत्तीस यार्ड धावला आणि सीमारेषेपलीकडे गेला. त्यानंतर हार्वर्डने जंग जंग पछाडले, पण गुण मिळाला नाही. सेंटर ६, हार्वर्ड ०. डॅनव्हिलमध्ये आनंदाला पारावार उरला नाही. रसायनशास्त्रातील सूत्र लिहावे तसे 'सी सिक्स एच झीरो' असे भिंतींवर रंगवले गेले. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत हा निकाल अर्धशतकातील फुटबॉलचा सर्वांत धक्कादायक निकाल ठरला.

वाचकहो, असा निकाल लागला की चाहते काय म्हणतील, हे आपण घरबसल्या सांगू शकतो. एक म्हणेल, नशीब. दुसरा म्हणेल, हार्वर्ड गाफील राहिले. तिसरा म्हणेल, एकट्या मॅकमिलनने सामना जिंकला. चौथा म्हणेल, ही प्रार्थनेची किमया. कारण सेंटरचे खेळाडू सामन्याआधी प्रार्थना करीत आणि 'प्रार्थना करणारे कर्नल' म्हणूनच ओळखले जात. आता हे चारही खुलासे आपण तपासून पाहू.

प्रथम नशीब. सेंटरचा संघ १९१९ च्या मोसमात एकही सामना हरला नव्हता. वॉल्टर कँप हे त्या काळी देशातील उत्तम अकरा खेळाडू निवडीत. त्यांच्या १९१९ च्या यादीत मॅकमिलन आणि रेड वीव्हर अशी या चिमुकल्या कॉलेजची दोन नावे होती. हे सर्व छापून आलेले होते. ज्याने वाचले त्याला १९२१ चा निकाल आकाशातून पडला असे वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरा खुलासा गाफीलपणाचा. या सामन्याच्या आदल्याच आठवड्यात पेन स्टेटने हार्वर्डला २१-२१ असे बरोबरीत रोखले होते, आणि पुढच्या आठवड्यात प्रिन्स्टनने त्यांना १०-३ असे हरवले. म्हणजे हार्वर्डचा संघ त्या वर्षी नावाइतका बलाढ्य राहिला नव्हता. भिंतीला तडा आधीच गेला होता, पण मोठ्या नावापुढे तो कोणी पाहिला नाही.

तिसरा खुलासा एकट्या वीराचा. मॅकमिलन आणि वीव्हर हे टेक्सासमधील फोर्ट वर्थचे. कॉलेजच्या प्रवेशाला लागणारा शालेय अभ्यास पुरा नव्हता, म्हणून ते आधी केंटकीतील सॉमरसेट गावच्या हायस्कुलात शिकले आणि मग सेंटरमध्ये आले. त्यांचे शाळेतील प्रशिक्षक रॉबर्ट मायर्स सेंटरला आले होते. परंतु या मुलांना आपल्यापेक्षा अधिक जाणता गुरू हवा, हे ओळखून त्यांनी संघ चार्ली मोरन यांच्या हाती सोपवला आणि स्वतः व्यवस्था सांभाळली. बत्तीस यार्डांची ती धाव काही क्षणांची असेल. तिच्यामागे अनेक वर्षांची मेहनत आणि एका शिक्षकाचा मोठेपणा होता. मैदानात त्या क्षणी वाट मोकळी करून देणारे बाकीचे गडी होते ते वेगळेच.

चौथा खुलासा प्रार्थनेचा. प्रार्थना मन स्थिर करते, धीर देते, हे कोणीही श्रद्धावान माणूस नाकारणार नाही. परंतु हाच संघ १९२० मध्येही हार्वर्डला गेला होता, आणि त्या वेळी ३१-१४ असा हरला होता. त्या पराभवानंतर हार्वर्डच्या कर्णधाराने सामन्याचा चेंडू भेट म्हणून पुढे केला, तेव्हा मॅकमिलनने तो घेतला नाही. पुढल्या वर्षी येऊन जिंकून नेऊ असे तो म्हणाला, असे सांगतात. मधले वर्ष त्यांनी तयारीत घालवले. दुआ आणि मेहनत यांची जोडी असते. एकीच्या नावावर दुसरीला रजा देता येत नाही.

गोष्ट येथे संपती तर ती गोड झाली असती. पण २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे याच सेंटरला टेक्सास ए अँड एम कॉलेजने २२-१४ असे हरवले. दोन महिन्यांपूर्वी ज्यांनी राजाला लोळवले, तेच आता अनपेक्षितपणे लोळले! त्या सामन्यात टेक्सासचे इतके गडी जखमी झाले की प्रशिक्षकाने प्रेक्षागृहातून ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावून गणवेश चढवायला सांगितले. गिल सबंध वेळ कडेला सज्ज उभा राहिला; मैदानात उतरण्याची पाळी आली नाही. तरीही 'बारावा गडी' म्हणून त्याचेच नाव त्या कॉलेजात अमर झाले. आठवणीला गोड कथा आवडते. गिलची तयारी खरोखर कौतुकाची होती, पण गुण मिळवले ते इतरांनी. विश्लेषण करणाऱ्याने हा भेद विसरू नये.

आता आरंभी म्हटलेले नाव सांगतो. हार्वर्डचाच एक खेळाडू बॅरी वूड, क्वार्टरबॅक म्हणजे मैदानात डाव आखणारा गडी, याने १९३१ मध्ये शनिवारच्या सामन्यावर नंतर शहाणपण सांगणाऱ्यांना 'सोमवार सकाळचे क्वार्टरबॅक' म्हटले. तो शब्दप्रयोग इंग्रजीत कायमचा रुजला. हा वूड पुढे डॉक्टर झाला आणि जंतुशास्त्राचा नामवंत प्राध्यापक म्हणून गाजला. मैदान आणि अभ्यास यांचे वैर नसते, याचा हा एक दाखला.

पालकहो, निकालानंतर चर्चा करूच नये असे माझे म्हणणे नाही. अवश्य करा. मात्र मुलाला दोष किंवा शाबासकी देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : जे कारण मी आज सांगतो आहे, ते निकालाच्या आधी दिसत होते काय? दिसत असेल तर मी तेव्हा काय केले? चाचणी परीक्षेचे गुण, न समजलेला धडा, रिकामी राहिलेली वही, हे सारे आधी दिसणारे असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपली शाळा लहान आहे, समोरच्या शाळेचे नाव मोठे आहे, म्हणून आधीच मान खाली घालू नका. नाव गुण मिळवीत नाही. जिंकलात तर लोक नशीब म्हणतील, म्हणू द्या. हरलात तर ३१-१४ चा आकडा आठवा. पराभवाचा चेंडू भेट म्हणून घरी नेऊ नका. पुढच्या वर्षी तो जिंकून आणण्याची तयारी आजच सुरू करा.