रिकाम्या डिस्कचा मोह

मंडळी, घरात नवं कपाट आलं की जुन्यातलं सगळं त्यात कोंबायचा मोह होतो ना? संगणकवाल्यांनाही होतो!

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरायची 'रेड' ही कल्पना मांडली. डिस्क जास्त तर बिघाडही जास्त, म्हणून थोडी जादा माहिती साठवायची. २००३ साली गूगलच्या घेमावत, गोबियॉफ आणि लिअंग यांनी हजारो डिस्कचा संसार कसा चालवला ते लिहिलं. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे, प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती, आणि त्या एकाच रॅकमध्ये नाहीत.

मला आवडलं ते पुढचं. नवं यंत्र आलं की ते हळूहळू भरायचं. कारण ताज्या तुकड्यांवरच लिहिण्याची गर्दी होते. सगळे तिथेच टाकले तर नवखं यंत्र गुदमरतं. आणि बिघाड झालाच, तर दोन प्रती गमावलेल्या तुकड्याचा नंबर एक गमावलेल्याच्या आधी.

समान वाटणी काय, गणितानं जमते. ज्याची शेवटची प्रत उरलीय त्याला आधी सावरणं, हा खरा समतोल. नाही का?