न्याहारीचे सँडविच

न्याहारीचे सँडविच म्हणजे पावाच्या दोन भागांमध्ये शिजवलेले अंडे आणि त्यासोबत चीज, मांस किंवा दोन्ही घालून सकाळच्या वेळी गरम खाल्ला जाणारा पदार्थ होय. बेकन, अंडे व चीज यांचे सँडविच हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार असून अमेरिकेच्या न्यूयॉर्क शहरात तो विशेष लोकप्रिय आहे. महाराष्ट्रात हा पदार्थ मूळ रूपात फारसा रुजला नाही. येथे बेकन जवळजवळ वगळले गेले, अंडे ऑम्लेट-पावाच्या रूपाने आधीपासूनच होते आणि चीजचे मात्र स्वतंत्र उत्पादन उभे राहिले. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या उत्पादनाशी दुधाच्या मार्गाने जोडलेले आहेत.

स्वरूप

या सँडविचचे पाव, अंडे, चीज व मांस असे चार घटक असतात. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी वरून कुरकुरीत व आतून मऊ असा गोल कैसर पाव वापरतात. अन्यत्र इंग्लिश मफिन, बेगल, बिस्किट या नावाचा मऊ अमेरिकी पाव किंवा साधे भाजलेले पावाचे काप वापरले जातात. ब्रिटनमध्ये ‘बॅप’ नावाच्या मऊ गोल पावात बेकन व अंडे घालण्याची रीत आहे.

सँडविच बनवण्यास काही मिनिटेच लागतात. प्रथम बेकनचे काप तापलेल्या तव्यावर परततात. त्यातून सुटलेल्या चरबीतच अंडी फोडून शिजवतात. अंडे होत आले की त्यावर चीजचा काप ठेवतात. अंड्याच्या उष्णतेने चीज वितळते आणि अंडे, बेकन व पाव यांना एकत्र धरून ठेवते. हे सँडविच कागदात गुंडाळून हातात दिले जाते. चालता चालता किंवा प्रवासात खाता येणे हे त्याच्या प्रसाराचे मुख्य कारण मानले जाते.

इतिहास

सँडविच हे नाव अठराव्या शतकातील इंग्लंडचे सरदार, सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) यांच्यावरून पडले. औद्योगिक क्रांतीनंतर कारखान्यांत वेळेवर पोहोचणे भाग पडलेल्या कामगारांना घरी बसून न्याहारी करण्यास सवड उरली नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये रस्त्यावरील विक्रेते अशा कामगारांना पावात मांस व अंडे घालून देत. ‘न्याहारीचे सँडविच’ या नावाची पाककृती अमेरिकेत १८९७ सालच्या एका पुस्तकात आढळते.

विसाव्या शतकात या पदार्थाला कारखानदारी रूप मिळाले. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील मॅकडॉनल्ड्ज उपाहारगृहाचे चालक हर्ब पीटरसन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘एग मॅकमफिन’ हा प्रकार तयार केला. एग्ज बेनेडिक्ट हा पदार्थ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अंडे मफिनच्या आकाराचे व्हावे म्हणून ते गोल कड्यात शिजवले जाई. या पदार्थाच्या यशानंतर अन्य उपाहारगृह-साखळ्यांनीही सकाळची विक्री सुरू केली.

घटक

पाव : महाराष्ट्रात पाव हा शब्द व पदार्थ पोर्तुगिजांमुळे आला. पोर्तुगीज भाषेतील ‘पाँव’ हे त्याचे मूळ होय. गोव्यातील पाव बनवणाऱ्यांना ‘पोदेर’ म्हणतात. मुंबईत बेकरीचा व्यवसाय वाढवण्यात गोव्याहून आलेल्या कारागिरांचा व पुढे इराणी व्यावसायिकांचा मोठा वाटा आहे.

अंडे : एका मध्यम अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतातील आधुनिक अंडी-उत्पादनाच्या इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी स्थापन केली. अंड्यांचा दर व्यापाऱ्यांऐवजी उत्पादकांना ठरवता यावा, या हेतूने त्यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे श्रावणात अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे या महिन्यात मागणी घटते.

बेकन : डुकराचे मांस मीठ व नायट्राइट यांत मुरवून, बहुधा धुरी देऊन बेकन तयार करतात. अमेरिकेत ते पोटाकडील चरबीयुक्त भागाचे, तर ब्रिटनमध्ये मुख्यतः पाठीच्या भागाचे असते. स्वातंत्र्योत्तर नियोजनाच्या काळात शासनाने देशात काही ठिकाणी बेकन कारखाने काढले. त्यांतील एक मुंबईच्या बोरिवली येथे होता. तरीही धार्मिक संकेत व खाण्याच्या सवयी यांमुळे बेकनचा वापर महाराष्ट्रात मोठी हॉटेले व काही शहरी कुटुंबे यांच्यापुरताच राहिला.

चीज : या सँडविचसाठी बहुधा प्रक्रियायुक्त चीजचे काप वापरतात. स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गर्बर व फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ साली असे चीज तयार केले. जेम्स क्राफ्ट यांना १९१६ साली अमेरिकेत अशाच प्रक्रियेचे पेटंट मिळाले. साधे चीज तापवले की त्यातील स्निग्धांश तेलासारखा वेगळा सुटतो. प्रक्रियायुक्त चीज तयार करताना सोडियमचे सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार मिसळतात. हे क्षार केसिन या दुग्धप्रथिनाला जोडलेले कॅल्शियम बांधून घेतात. मोकळे झालेले केसिन स्निग्धांश व पाणी यांना एकत्र धरते आणि चीज न फुटता सारखे वितळते.

महाराष्ट्र व गोव्यातील समांतर पदार्थ

ऑम्लेट-पाव हा महाराष्ट्रातील या पदार्थाचा सर्वांत जवळचा नातलग होय. कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घालून केलेले ऑम्लेट लादीपावासोबत किंवा पावाच्या आत घालून देतात. एसटी स्थानके, महामार्ग व बाजारपेठा येथील गाड्यांवर तो भुर्जी-पावाच्या जोडीने मिळतो. मात्र या गाड्या बहुधा संध्याकाळी लागतात. सकाळच्या न्याहारीचा मान पोहे, उपीट, मिसळ व वडापाव यांच्याकडेच राहिला आहे.

सकाळी पाव व अंडी खाण्याची रीत इराणी उपाहारगृहांनी रूढ केली. पुण्यात डेक्कन परिसरातील १९३५ साली सुरू झालेले कॅफे गुडलक बन-मस्का व अंड्याच्या पदार्थांसाठी ओळखले जाते, तर कॅफे वोहुमन चीज-ऑम्लेटसाठी प्रसिद्ध आहे. पावासोबत खाल्ल्या जाणाऱ्या या ऑम्लेटमध्ये अमेरिकी सँडविचमधील बेकन वगळता सर्व घटक एकत्र येतात.

गोव्यात याउलट डुकराच्या मांसाला मानाचे स्थान आहे. मिरची, मसाला व व्हिनेगर घालून केलेले चोरिस पावात भरून खातात. रोस-ऑम्लेट या प्रकारात ऑम्लेटवर शागुतीचा रस्सा ओतून पाव सोबत देतात.

मॅकडॉनल्ड्जने १९९६ साली भारतात प्रवेश केला, तेव्हा गोमांस व डुकराचे मांस दोन्ही वगळले. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा, भांडी व कर्मचारी वेगळे ठेवण्याची पद्धत येथे स्वीकारण्यात आली. त्यामुळे भारतातील न्याहारीच्या मफिनमध्ये अंडे व चीज आहे, परंतु बेकन नाही. भारतीय नियमांनुसार अंडे मांसाहारी गटात मोडते. चीजला शाकाहाराची हिरवी खूण मिळण्यासाठी दूध साकळवणारे रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असून चालत नाही. म्हणून येथे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात.

बारामती, इंदापूर आणि चीज

बारामती तालुक्याचा दक्षिण भाग नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती, तर उत्तर भाग बराचसा जिरायती आहे. इंदापूर तालुका नीरा व भीमा या नद्यांच्या मध्ये वसलेला असून त्यांचा संगम नीरा नरसिंहपूर येथे होतो. भीमेवरील उजनी धरणाचा जलाशय या तालुक्याच्या उत्तर सीमेवर पसरला आहे. बागायती भागात उसाचे वाढे, मका, कडवळ व घास अशी वैरण उपलब्ध होते. जिरायती भागात शेतीचे उत्पन्न बेभरवशाचे असल्याने दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हाती येणारा दुधाचा पगार हाच अनेक घरांचा आधार असतो.

येथील दूध मुख्यतः होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी संकरित गाईंचे असते. या संकरित पैदाशीच्या प्रसारात मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेचे कार्य मोलाचे आहे. म्हशीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात स्निग्धांश कमी असला तरी चेडर जातीच्या चीजसाठी ते अधिक सोयीचे ठरते.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९०च्या दशकात डायनॅमिक्स डेअरी हा मोठा दुग्धप्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. मॅकडॉनल्ड्जच्या भारतातील उपाहारगृहांना चीजचे काप येथून पुरवले जाऊ लागले. पुढे अमेरिकेतील ग्रीन बे (विस्कॉन्सिन) येथील श्रायबर फूड्स ही कंपनी प्रकल्पात सहभागी झाली व तो श्रायबर डायनॅमिक्स या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४५ साली स्थापन झालेली श्रायबर कंपनी प्रक्रियायुक्त चीजच्या उत्पादनासाठीच प्रसिद्ध आहे. इंदापूर तालुक्यातील सोनाई हाही या भागातील मोठा खासगी दूधसंघ होय.

गोठ्यापासून चीजच्या कापापर्यंतचा मार्ग असा असतो : शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध गावातील संकलन केंद्रावर घालतो. तेथे फॅट व एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्त घनपदार्थ) तपासून त्यांवरून दर ठरतो. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हे प्रमाण आधारभूत धरतात. त्याहून कमी भरल्यास दरात कपात होते. नंतर दूध शीतकरण टाकीत सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून टँकरने प्रकल्पात नेतात. तेथे ते पाश्चरीकृत करून त्यात विरजण व रेनेट मिसळतात. साकळलेले दूध कापले की निवळी वेगळी होते. उरलेला घट्ट भाग खारवून, दाबून मुरण्यासाठी ठेवतात. असे मुरलेले चीज वितळवून व क्षार मिसळून त्याचे काप पाडले जातात. एक किलो चेडर चीजसाठी सुमारे दहा लिटर दूध लागते.

दूधदराचा प्रश्न

दूध नाशवंत असल्याने उत्पादकाला भाव मिळेपर्यंत थांबता येत नाही. हिवाळ्यातील पुष्टकाळात दूध वाढले की बाजारभाव उतरतो. अतिरिक्त दुधाची भुकटी व लोणी करतात, पण भुकटीचे दर जागतिक बाजारावर अवलंबून असल्याने ते कोसळले की गावातील दूधदरही खाली येतो. चीज अनेक महिने टिकते व त्याची मागणी शहरी उपाहारगृहांमुळे स्थिर असते. त्यामुळे दूध खपवण्याचा तो एक तुलनेने खात्रीचा मार्ग आहे. तथापि चीजच्या किमतीतील वाढ उत्पादकापर्यंत आपोआप पोहोचत नाही. उसाला केंद्र शासन रास्त व किफायतशीर दर ठरवते, तसे कायद्याचे संरक्षण दुधाला नाही.

हा प्रश्न आंदोलनांतून वारंवार पुढे आला आहे. जून २०१७ मधील राज्यव्यापी शेतकरी संपात दूध शहरांकडे जाऊ दिले गेले नाही. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूधबंद आंदोलन केले. त्यानंतर गाईच्या दुधाला लिटरमागे २५ रुपये दर देण्याचे व त्यासाठी प्रक्रिया उद्योगांना लिटरमागे ५ रुपये अनुदान देण्याचे राज्य शासनाने जाहीर केले. पेंड व चाऱ्याच्या वाढत्या किमती पाहता उत्पादन खर्चावर आधारित दराची मागणी कायम आहे.

आहार व आरोग्य

या सँडविचमधून प्रथिने व कॅल्शियम भरपूर मिळते. मात्र बेकन व प्रक्रियायुक्त चीज या दोहोंत मीठ आणि संपृक्त स्निग्धांश अधिक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली बेकनसह सर्व प्रक्रियायुक्त मांसाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. हे वर्गीकरण पुराव्याची खात्री दर्शवते, धोक्याचे प्रमाण नव्हे. अर्धवट शिजलेल्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांनी अंडे पूर्ण शिजवून खाणे हितकारक असते.

हे सुद्धा पहा

ऑम्लेट
वडापाव
इराणी उपाहारगृहे
चीज
दुग्धव्यवसाय
बारामती तालुका
इंदापूर तालुका