दीर्घावर्ती रेडिओ उद्‌गम
नियमित कालांतराने रेडिओ स्पंद उत्सर्जित करणारे, परंतु सामान्य स्पंदकांहून पुष्कळ मोठा आवर्तकाल असलेले खस्थ उद्‌गम. अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचे, मंद गतीने फिरणारे न्यूट्रॉन तारे हे त्यांचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

१९६७ मध्ये केंब्रिज येथे जॉसलिन बेल व अँटनी ह्यूइश यांना १·३४ से. आवर्तकालाचा पहिला स्पंदक आढळला. तो स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा असल्याचे टॉमस गोल्ड यांनी १९६८ मध्ये प्रतिपादिले. अशा ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र सु. एक लाख कोटी गौस असते. भ्रमणामुळे ध्रुवांजवळ प्रचंड विद्युत् दाब निर्माण होतो, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या उत्पन्न होतात आणि रेडिओ प्रारण मिळते. भ्रमण मंदावले की हा दाब घटतो व एका मर्यादेनंतर प्रारण थांबावयास हवे. या मर्यादेस ‘मृत्युरेषा’ म्हणतात.

५ मार्च १९७९ रोजी मोठ्या मॅगेलनी मेघाकडून गॅमा किरणांचा तीव्र उद्रेक आला व त्यामागोमाग ८ से. आवर्तकालाचे स्पंद नोंदले गेले. अशा उद्रेकांच्या स्पष्टीकरणार्थ रॉबर्ट डंकन व क्रिस्टोफर टॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये मॅग्नेटारची कल्पना मांडली. त्याचे क्षेत्र सामान्य स्पंदकाच्या शंभर ते हजारपट असते व प्रारणास ऊर्जा भ्रमणापासून नव्हे, तर या क्षेत्रापासून मिळते. २००६ मध्ये ५·५ से. आवर्तकालाच्या एका मॅग्नेटारपासून रेडिओ स्पंद मिळाले.

दरम्यान मृत्युरेषेची कल्पना डळमळू लागली होती. १९९९ मध्ये ८·५ से., २०१८ मध्ये २३·५ से. व २०२२ मध्ये ७५·९ से. आवर्तकालाचे स्पंदक ज्ञात झाले. २०२२ मध्येच नताशा हर्ली-वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन दूरदर्शकाच्या २०१८ मधील निरीक्षणांतून १८ मि. आवर्तकालाचा उद्‌गम प्रसिद्ध केला. भ्रमणऱ्हासातून मिळणारी ऊर्जा त्याच्या प्रारणास अपुरी असल्याने तो अतिमंद मॅग्नेटार असावा, असे सुचविण्यात आले. २०२३ मध्ये २२ मि. आवर्तकालाचा आणखी एक उद्‌गम घोषित झाला. अमेरिकेतील आणि पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दूरदर्शकांच्या जुन्या नोंदींतही त्याचे स्पंद सापडले व तो १९८८ पासून सक्रिय असल्याचे दिसले. मॅग्नेटारची रेडिओ सक्रियता बहुधा काही महिने ते काही वर्षेच टिकत असल्याने ही गोष्ट त्या कल्पनेस अडचणीची ठरली.

२०२५ मध्ये सप्तर्षींच्या दिशेचा, सु. २ तासांच्या आवर्तकालाचा एक उद्‌गम श्वेत लघुतारा व लाल लघुतारा यांचे युग्म असल्याचे सिद्ध झाले. तेथील आवर्तकाल हा अक्षीय भ्रमणाचा नसून कक्षीय भ्रमणाचा आहे. म्हणून केवळ दीर्घ आवर्तकालावरून एखादा उद्‌गम मॅग्नेटार ठरविता येत नाही. त्यासाठी सहचर ताऱ्याचा शोध घेणे आवश्यक असते.