कच्चे मडके कोणी ठरवायचे? : तेरचा एक प्रसंग आणि शासनाची धोरणे

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना 'तगर' या प्राचीन व्यापारी नगराच्या रूपाने परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. वारकऱ्यांना मात्र तेर प्रिय आहे ते तेरणेकाठी असलेल्या गोरोबाकाकांच्या समाधीमुळे. संतमेळ्याच्या परीक्षेची प्रसिद्ध कथा परंपरेने याच गोरोबांच्या घरी घडवली आहे. परंपरेतील मूल्ये शासनव्यवहारात आणता येतात काय, हा प्रश्न विचारताना ही कथा पुन्हा वाचावीशी वाटते.

कथा सर्वश्रुत आहे. मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवून हे काय, असे विचारते. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबा सांगतात. मग आमचीही परीक्षा घ्या, असे मुक्ताबाई म्हणते. इतर संत थापटण्याचा आघात निमूटपणे सोसतात, नामदेव रागावतात, आणि हे मडके कच्चे ठरते. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे जातात आणि त्यांना गुरू लाभतो.

या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. परीक्षेची मागणी मेळ्यातल्या वयाने सर्वांत लहान व्यक्तीने, तीही एका मुलीने, केली आहे. परीक्षकाचा अधिकार जन्मातून वा पदातून आलेला नसून हातातल्या कामातून आलेला आहे. आणि कच्चा ठरलेला बहिष्कृत होत नाही, त्याला शिकण्याची वाट दाखवली जाते. विशेष म्हणजे हा प्रसंग नामदेवांच्या नावावरील अभंगांतही येतो. ज्याला कच्चे ठरवले, त्याच्याच मुखाने परंपरेने ही कथा जपली.

महाराष्ट्र शासनाने अलीकडच्या काळात परंपरेला धोरणाच्या आधाराला दोनदा ठळकपणे बोलावले. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावचे भांडण गावातच सामोपचाराने मिटावे ही जुनी ग्रामीण धारणा शासकीय योजना बनली. दोन्हींमागे आर. आर. पाटील यांचा पुढाकार होता, पहिल्या वेळी ग्रामविकासमंत्री म्हणून आणि दुसऱ्या वेळी गृहमंत्री म्हणून. हजारो गावे हलली, लोकांनी श्रमदान केले, किरकोळ खटले मिटले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तथापि योजनेला मोजमाप लागते. मूल्याचे गुण झाले, गुणांचे पुरस्कार झाले आणि परीक्षक बाहेरून येऊ लागले. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत : कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरे का मारता, माणसाला अस्पृश्य का मानता? शासनाने झाडू उचलला. प्रश्न कीर्तनातच राहिले. तंटामुक्तीतही हाच धोका होता. ज्या गावाला पुरस्कारासाठी तंटे कमी दाखवायचे आहेत, तिथे दुर्बळाची तक्रार दडपली जाण्याची शक्यता वाढते. सुनेने किंवा दलित कुटुंबाने गप्प बसणे म्हणजे सामोपचार नव्हे.

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेतील नवाहो राष्ट्राने १९८२ मध्ये आपल्या न्यायव्यवस्थेत पारंपरिक शांतिकारांना स्थान दिले. २००२ मध्ये त्यांच्या परिषदेने 'दिने' लोकांचे मूलभूत कायदे संहितेत समाविष्ट करून परंपरेला कारभाराचा पाया मानले. 'के' म्हणजे नात्यांची बांधिलकी आणि 'होझो' म्हणजे समतोल, या तिथल्या आधारभूत कल्पना होत. पण तिथेही घरगुती हिंसेच्या प्रकरणांत समतोल साधताना पीडितेवर दबाव येतो का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. फरक एवढाच की नवाहोंनी आपली परंपरा आपल्याच परिषदेत कायदा केली. आपल्याकडे ती मंत्रालयातून गावाकडे आली.

उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने १९८०च्या दशकापासून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत जोपासली. बहुमताने कुणाला हरवायचे नाही. जो अडला आहे त्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबायचे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. येथे परंपरेचे नाव योजनेला दिलेले नाही. परंपरेतून आलेल्या रीतीपुढे शासनाला आपला कायदा लागू करावा लागला.

अर्थात परंपरा म्हणजे निखळ सोने नव्हे. गोरोबांच्याच चरित्रात चिखल तुडवताना भजनाच्या तंद्रीत पायाखाली गेलेले तान्हे मूल आहे आणि त्याच्या आईचा आक्रोशही आहे. भक्तीच्या गौरवासाठी सांगितलेल्या कथेतही परंपरेने तो आक्रोश पुसला नाही, हे तिचे मोठेपण. धोरणाने परंपरेकडून घ्यायचे असेल तर हेच घ्यावे. संताचे नाव, प्रतिमा, पुरस्काराचे शीर्षक यांपेक्षा प्रश्न विचारणारी मुक्ताबाई, आक्रोश करणारी आई आणि कच्च्याला वाट दाखवणारी परीक्षा अधिक मोलाची आहेत. तेरच्या त्या घरात एकही पुरस्कार वाटला गेला नव्हता. तरीही सर्वांत मोठा लाभ कच्च्या ठरलेल्या मडक्यालाच झाला.