मानमोडी : एक शब्द, दोन रोग

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला खेड्यापाड्यांतले लोक 'मानमोडी' म्हणत. कोंबड्यांच्या एका रोगालाही मराठीत हेच नाव आहे. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्या रोगाचे नाव 'राणीखेत'. नांदेड-लातूरकडच्या वाड्या-तांड्यांवर ज्यांच्या अंगणात चार-पाच गावरान कोंबड्या असतात, त्यांना पुस्तकातले नाव माहीत नसले तरी रोग चांगलाच माहीत असतो. एकाच शब्दात माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा राणीखेत असे दोन वेगळे रोग कोंबले, म्हणून कोणी गावकऱ्यांना हसू नये. शास्त्रज्ञांनीही असाच घोळ बरीच वर्षे घातला होता. तो कसा सुटला, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे. कारण अंगणातली लाडकी कोंबडी आजारी पडली, की पोरे दवाखाना शोधण्याआधी गुरुजींना किंवा बाईंना विचारतात.

लक्षणे अशी. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, दाणा टिपत नाही, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते. कधी पाय किंवा पंख लुळा पडतो. यातून वाचली तर काही दिवसांनी मान पिळली जाते, आणि समोरचा दाणा टिपायला जावे तर चोच भलतीकडेच पडते. आता प्रश्न असा, की मान वाकडी झाली म्हणजे मानमोडीच का?

नाही. याचा पहिला मोठा धडा जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात मिळाला. तिथल्या लष्करी इस्पितळात ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. १८८९ साली त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लटपटू लागल्या, पडू लागल्या. साथ आली म्हणावे, तर काही महिन्यांनी त्या आपोआप सुधारल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पॉलिश तांदळाचा भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणार नाही, असे म्हणून त्याने तो बंद केला! आइकमानने यावरून प्रयोग केले आणि तांदळाच्या कोंड्याने कोंबड्या बऱ्या होतात हे दाखवले. भातात काही विष असावे, असे त्याला आधी वाटत होते. कोंड्यातल्या आवश्यक घटकाचा अभाव हे खरे कारण १९०१ साली त्याचा सहकारी ग्राइन्स याने मांडले. तो घटक म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याचे नाव मात्र कोणी लक्षात ठेवले नाही.

ब-१ कमी पडलेल्या कोंबडीची मान मागे पाठीकडे ओढली जाते; जणू ती आभाळाकडे पाहते आहे. अशा कोंबडीला हे जीवनसत्त्व दिले, की थोड्याच काळात तिच्यात फरक दिसू लागतो. म्हणजे इथे औषध हेच निदानही होते.

योगायोग असा, की राणीखेत रोगाची पहिली नोंदही १९२६ साली जावा बेटावरच झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांची साथ आली आणि डॉईल याने १९२७ साली तिचे वर्णन केले. म्हणून जग या रोगाला 'न्यूकॅसल' म्हणते. त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेत गावी साथ आली. तिचा अभ्यास एडवर्ड्स याने जवळच्याच मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत केला, आणि भारतात गावाचे नाव रोगाला कायमचे चिकटले. बिचारे राणीखेत! ही प्रयोगशाळा १८८९ साली सुरू झाली ती पुण्यात. घातक जंतूंचे काम वस्तीपासून दूर आणि थंड हवेत व्हावे, म्हणून १८९३ साली ती मुक्तेश्वरला गेली.

त्या वेळी अशा झपाट्याने कोंबड्या मारणारा एक रोग आधीच माहीत होता, तो म्हणजे 'फाउल प्लेग'. पेरोनचितो याने १८७८ साली इटलीत त्याचे वर्णन केले होते. मग न्यूकॅसलची साथ तीच नाही कशावरून? डॉईलची तपासणी सरळ होती. नव्या रोगातून वाचलेल्या कोंबड्यांना त्याने फाउल प्लेगची लागण केली. रोग एकच असता तर त्या तगल्या असत्या. त्या मेल्या. अर्थात रोग दोन होते. पुढे १९५५ साली शेफर याने दाखवले, की फाउल प्लेगचा विषाणू हा इन्फ्लुएन्झाचाच विषाणू आहे. आज आपण ज्याला बर्ड फ्लू म्हणतो तो हाच. 'मानमोडी' शब्दात शेजारी बसलेले फ्लू आणि राणीखेत शास्त्राच्या वहीतही इतकी वर्षे शेजारीच बसले होते.

आता ही निवड प्रयोगशाळेत लवकर होते. १९४१ साली हर्स्टला आढळले, की इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. एरवी या पेशी नळीच्या तळाशी लाल टिकलीसारख्या जमतात. विषाणू असला तर पातळ जाळीसारख्या पसरतात. राणीखेतचा विषाणूही हेच करतो, हे मेलबर्नच्या बर्नेटने पाहिले. मग दोघांना वेगळे कसे करायचे? राणीखेतविरोधी प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव आधी मिसळायचा. टिकली परत आली तर राणीखेत. नाही आली तर दुसऱ्याचा शोध घ्यायचा.

हा फरक लातूर-नांदेडला कागदावरचा राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा आणि लातूरच्या अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी येथे बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूच सांगितला. असे निदान झाले, की आसपासच्या ठरावीक अंतरातल्या धडधाकट कोंबड्याही मारल्या जातात. त्यात एखाद्या पोरीची नाव ठेवलेली, हातावर दाणा टिपणारी कोंबडीही जाते. राणीखेत निघाला तर ती वाचू शकते. मेलेल्या कोंबडीचा नमुना पाठवायचा तो म्हणूनच. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर घरी कापून पाहू नये, हात लावू नये, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. माणसालाही या विषाणूची लागण होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. राणीखेतने माणसाचे डोळे येतात, ते चार दिवसांनी बरे होतात.

राणीखेतवर औषध नाही. लसूण-हळद घाला किंवा प्रतिजैविकाची गोळी द्या, विषाणूला काही होत नाही. गोळी फार तर मागून येणाऱ्या जिवाणूंना रोखते. कोंबडी वेगळी डालायची, ऊब द्यायची, पाणी आणि मऊ खाद्य हाताने भरवायचे. मान वाकडीच राहिलेल्या कोंबड्याही अशा सांभाळाने जगतात. आधी विकून टाकू, ही घाई मात्र रोगाला बाजारात नेते आणि तिथून शेजारच्या गावात.

खरा उपाय लशीचा. रोगाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य करायचा, या पद्धतीने १९४०च्या दशकात मुक्तेश्वरला लस तयार झाली. ती 'आर-टू-बी' नावाने अजून वापरात आहे. ती पुरती सौम्य नसल्यामुळे सहा-आठ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. पिलांना पहिल्या आठवड्यात 'लासोटा' ही हलकी लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात.

लस ७५ वर्षांहून जुनी आणि तरी अंगणातल्या कोंबड्या मरतात, याचे कारण मला शास्त्रापेक्षा बाटलीत जास्त दिसते. ती शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची असते. एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. घरात कोंबड्या पाच, बाहेर मे महिन्याचे बेचाळीस अंश! उष्णता सोसणारी 'आय-टू' ही लस १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात नेमकी अशाच गावांसाठी तयार झाली. आपल्याकडच्या बाटलीला मात्र शंभर कोंबड्याच जमवाव्या लागतात. एका गल्लीत कोणाकडे किती कोंबड्या आहेत याची यादी सातवीची मुले एका दुपारी करतील. लस टोचायची ती दिवेलागणीनंतर, कोंबड्या डालग्यात शिरल्यावर. दिवसा त्यांना कोण धरणार?