प्लेयरला कान नसतात

सिनेमा भलत्याच भाषेत सुरू झाला, की विंडोजवरच्या व्हीएलसीत 'बी' दाबायचं, पुढचा ट्रॅक लागतो. पण प्लेयर मुळात भाषा ओळखतो कशी? ओळखत नाहीच! ट्रॅकवर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी वाचतो.

या चिठ्ठ्यांचा इतिहास मजेशीर आहे. 1988च्या आयएसओ 639 यादीत भाषांना दोन-दोन अक्षरं मिळाली, मराठीला 'एमआर'. 1996 साली जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीने तीच उचलली. आवाजाचे ट्रॅक आठपर्यंत, चिठ्ठी मात्र दोन अक्षरांचीच.

आता आमचा यवतमाळ जिल्हा घ्या. केळापूर, झरी जामणीकडे पोडांवर कोलामी बोलतात. तिला दोन अक्षरं कधी मिळालीच नाहीत. 1998च्या तीन अक्षरी यादीत गोंडीला 'जीओएन' मिळालं, कोलामी गेली 'द्राविडी भाषा' या गठ्ठ्यात. स्वतःचं 'केएफबी' आलं थेट 2007 साली, 639-3 मध्ये. आणि एमकेव्ही फाइलीत चिठ्ठी लावलीच नाही, तर नियमाने ट्रॅक इंग्रजी धरला जातो. कोलामी आजीची गोष्ट, चिठ्ठी इंग्रजीची!

एमकेव्हीच्या नव्या रकान्यात आता 'केएफबी' चालतं. तरी मी ट्रॅकच्या नावातही देवनागरीत सरळ 'कोलामी' लिहीन. व्हीएलसीच्या मेनूत ते दिसतं.